कंबरदुखी : दुर्बिणीचं ऑपरेशन कधी करावं?

तळीये, बिरवाडी, पोलादपूरकडच्या घरांत कंबरदुखी नवीन नाही. भातलावणीचं वाकणं, डोक्यावरचा भार, नाहीतर आखातात वर्षानुवर्षं चालवलेली गाडी. दुखणं पायात उतरलं की कुणी म्हणतं, "मणक्याचं ऑपरेशन म्हणजे अंथरूणच", कुणी म्हणतं, "आता दुर्बिणीने होतं, लगेच उरकून घ्या." दोन्ही पुरतं खरं नाही.

मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली की पायात कळ येते. बहुतेकांची ही कळ औषधं आणि व्यायामाने सहा ते बारा आठवड्यांत कमी होते. तरी थांबली नाही आणि एमआरआयमध्ये त्याच नसेवर दाब दिसला, तर ऑपरेशनचा विचार करतात. साधारण एक सेंटिमीटरच्या छेदातून सरकलेला तुकडा काढतात. रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालतो. पायाची कळ बहुधा कमी होते. नुसती कंबरदुखी जाईलच असं नाही. मणक्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनचा आराम तात्पुरता असतो आणि त्याने शुगर वाढते, म्हणून मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर मालीश करत बसू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. सोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा टीबीही तपासून घ्या.

दागिने गहाण टाकण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि रुकू-सजदा जमत नसेल तर बसून नमाज अदा करण्याची सवलत आहे. दुखणं अंगावर काढू नका.