वसईच्या कोटातील विद्यालय

चिंचवडहून मोशी आणि चाकण मागे टाकून खेडकडे जाणारा रस्ता आज कारखान्यांनी आणि मालमोटारींच्या रांगांनी इतका व्यापून गेला आहे की, याच खेड तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकराचे ज्योतिर्लिंग आहे, याचे भान राजगुरुनगर ओलांडल्यावाचून प्रवाशास येत नाही. त्या देवालयाच्या आवारात शनिमंदिरापुढे एक मोठी ओतीव घंटा टांगलेली आहे. तिचा घाट आपल्याकडील घंटांचा नव्हे, आणि तिच्या अंगावर क्रूसाचे चिन्ह आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईचा कोट सर केल्यानंतर फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, प्रार्थनामंदिरांतून ज्या घंटा उतरविल्या गेल्या आणि विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवस्थानांना अर्पण झाल्या, त्यांपैकी ही एक. वाईजवळच्या मेणवलीस दुसरी आहे, आणि नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरावरील, १७२१ हे साल कोरलेली तिसरी तर सर्वश्रुतच आहे.

या घंटांचा अभिमान महाराष्ट्राने जतन केला, हे योग्यच झाले. परंतु त्या ज्या नगरात वाजत होत्या, तेथे देवळांच्या बरोबरीने एक विद्यालयही होते, ते सुमारे एकशे नव्वद वर्षे चालले, आणि वसईच्या पाडावाबरोबर कायमचे बंद झाले, ही गोष्ट आपल्या स्मरणातून जवळजवळ पुसली गेली आहे. जी विद्यासंस्था आपल्याच पराक्रमाच्या ओघात संपली, तिचा वृत्तांत आपणच लिहावा, दुसऱ्या कोणी लिहिण्याची वाट पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी केलेल्या तहान्वये वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती आला, आणि पुढे उत्तर फिरंगाणाचे मुख्य ठाणे म्हणून ती भरभराटीस चढली. संत फ्रान्सिस झेवियर या नगरात एकाहून अधिक वेळा येऊन गेले. १५४८ च्या सुमारास मेल्कियोर गोन्साल्विस या धर्मगुरूच्या हातून येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे, येथील ठाणे उभे राहिले, आणि त्याच ठाण्यातून पुढे विद्यालय विकसित झाले. येशूसंघाची स्थापना होऊन तेव्हा दहा वर्षेही उलटली नव्हती. अध्यापन हेच आपले प्रधान कार्य होय, हे त्या संघास नुकतेच उमगू लागले होते. म्हणजे वसईचे विद्यालय हे एखाद्या जुन्या, स्थिरावलेल्या पद्धतीची दूरस्थ शाखा नव्हते. ती पद्धत घडत असतानाच्या काळातले ते अपत्य होते.

या संघाच्या विद्यालयांचा शिरस्ता असा की, विद्यार्थ्याकडून फी म्हणून काही घ्यावयाचे नाही. राजाच्या खजिन्यातून मिळणारी नेमणूक, दानशूरांच्या देणग्या आणि गावोगावच्या जमिनींचा वसूल यांवर सारा खर्च चालवावयाचा. लहान मुलांस वाचन, लेखन आणि हिशेब, त्यांच्या जोडीला धर्मप्रश्नोत्तरी व गायन, आणि पुढे गेलेल्यांस लॅटिन व्याकरण, असा अभ्यासाचा सर्वसाधारण क्रम असे. १५९९ साली संघाने आपल्या साऱ्या विद्यालयांसाठी एकच शिक्षणसंहिता निश्चित केली. तिच्यात वर्गांची चढती श्रेणी, रोजचे पाठांतर, आठवड्याची उजळणी, विद्यार्थ्यांतील वादविवाद आणि नाट्यप्रयोग यांपर्यंत सर्व तपशील घालून दिलेला होता. प्रश्नोत्तरी चालीवर म्हणवून घेण्याची झेवियर यांची रीत अशी की, हातात लहान घंटा घेऊन रस्त्याने फिरावे, मुले गोळा करावी आणि त्यांच्याकडून ती घोकवून घ्यावी. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत पाढे ज्या सुरात म्हटले जात, त्याची आठवण व्हावी अशीच ही तऱ्हा होती, आणि मला वाटते, कोकणातल्या मुलांस ती परकी वाटली नसावी.

या विद्यालयाने घडविलेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी गोन्सालो गार्सिया. १५५६-५७ च्या सुमारास तो वसईतच जन्मला. बाप पोर्तुगीज आणि आई इथली, असे परंपरा सांगते. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून वयाच्या पंधराव्या वर्षी तो सेबास्तियाँव गोन्साल्विस यांच्याबरोबर जपानास गेला. तेथे त्याने जपानी भाषा अशी आत्मसात केली की, लोक त्याच्या बोलण्यानेच त्याच्याकडे आकृष्ट होत. कित्येक वर्षे त्याने संघाच्या सेवेत धर्मशिक्षकाचे काम केले, आणि संघात आपणास रीतसर प्रवेश मिळावा, ही त्याची आकांक्षा होती. तो प्रवेश त्यास मिळाला नाही. मग तो व्यापारात पडला, त्यात त्याला यश आले, आणि तरीही मन तेथे न रमल्याने मनिला येथे त्याने फ्रान्सिसकन संघात व्रतस्थ बंधू म्हणून दीक्षा घेतली. १५९३ साली फिलिपिन्सहून पेद्रो बाउतिस्ता जपानास गेले, तेव्हा दुभाषी म्हणून बरोबर गेला तो हाच वसईकर. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढे त्याने भाषण केले ते त्याच्याच भाषेत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांस क्रूसावर चढवून मारण्यात आले, त्यांत तो होता. ८ जून १८६२ रोजी रोमने त्यास संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला संत होय. ज्यांनी त्यास शिकविले त्यांनीच त्यास आपल्यात घेतले नाही, ही या कथेतली गोष्ट मला फार बोचते. आणि विद्यालयाच्या कीर्तीचा मोठा भाग याच नाकारलेल्या विद्यार्थ्यावर उभा आहे, हेही विसरता येत नाही.

कोटाच्या आत आज जी भग्न मंदिरे दिसतात, त्यांत या विद्यालयास लागून असलेले येशूच्या पवित्र नामाचे मंदिर सर्वांत देखणे. त्याच्या दर्शनी भिंतीवर दाराच्या दोन्ही अंगांस उभ्या पन्हळींचे, पानाफुलांच्या शिरोभागांचे स्तंभ कोरलेले आहेत, आणि वर संघाची मुद्रा असलेली तीन रोमन अक्षरे आहेत. पाथरवटाची छिन्नी इतकी हलक्या हाताने चालली आहे की, शतकानुशतके समुद्राचा खारा वारा सोसूनही पन्हळींच्या कडा अद्याप बोटास लागतात. वसईच्या दगडाची ख्याती अशी होती की, जुन्या गोव्यातील बॉम जेझूसच्या दर्शनी भागासाठी तो समुद्रमार्गे येथून नेण्यात आला.

या वैभवास काळी बाजू होती, आणि ती झाकून विद्यालयाचा गौरव करणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. पोर्तुगीज राजाच्या हुकुमाने पोरक्या हिंदू मुलांस आप्तांकडून काढून धर्मगुरूंच्या हवाली करण्यात येई. म्हणजे धर्मगुरूंच्या देखरेखीखाली शिकणारे प्रत्येक मूल स्वेच्छेने आलेले नसे. १५६० साली गोव्यात धर्मन्यायासन बसले, त्याचा धाक उत्तरेकडेही पोहोचला, आणि देवळे पाडणे व सणसमारंभांस बंदी करणे यांमुळे रयत गांजली. गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या माणसांनी पेशव्यांच्या दरबारी वर्षानुवर्षे केलेल्या खटपटींच्या मुळाशी हेच दुःख होते. शिक्षण आणि सक्ती एकाच छपराखाली नांदली. विद्यालयाच्या शत्रूंची पैदास अंशतः त्याच छपराखाली झाली.

१७३७ साली ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या ताब्यात गेली. येशूसंघाच्या जमिनीजुमल्याचा मोठा भाग याच टापूत असल्याने, कोटावर तोफ लागण्यापूर्वी दोन वर्षे संघाच्या वसुलाचे झरे आटू लागले. १७३९ च्या फेब्रुवारीत वेढा आवळला. सुरुंगांनी सेबास्तियन बुरुजाला खिंडार पाडले, हल्ल्यांमागून हल्ले झाले, किल्लेदार सिल्वेरा ठार झाला, आणि मराठ्यांकडील हानी मृत व जखमी मिळून पाच हजारांच्या घरात गेली. १६ मे रोजी शरणागतीची कलमे ठरली. फौजेने हत्यारांसह, वाद्ये वाजवीत बाहेर पडावे, रहिवाशांनी आपली चीजवस्त न्यावी, आणि जे ख्रिस्ती येथेच राहू इच्छितील त्यांस आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक असावी, इतकी उदारता त्यांत होती. एवढे रक्त सांडल्यावर अशी कलमे मान्य करणारा सेनापती मला केवळ विजेत्याहून मोठा वाटतो. ठरलेल्या आठवड्याच्या मुदतीत कोट रिकामा झाला, आणि त्या लोकांबरोबर शिक्षकही गेले. राहिले ते बहुतेक शेतकरी आणि कोळी, आणि त्यांच्यासाठी लॅटिनचे वर्ग पुन्हा उघडण्यास कोणी उरले नाही.

मराठ्यांनी वसई घेतली नसती तर हे विद्यालय टिकले असते काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. १७५९ साली पोर्तुगालचा मुख्य प्रधान पोंबाल याने आपल्या साऱ्या राज्यातून येशूसंघास हद्दपार केले, त्यांची विद्यालये जप्त केली, आणि १७७३ साली खुद्द पोपनेच संघ बरखास्त केला. म्हणजे वीस वर्षांनी हेच दार ख्रिस्ती राजाच्याच हुकुमाने बंद होणार होते, आणि तेव्हा कोणास सन्मानाने वाद्ये वाजवीत बाहेर पडता आले नसते. या संस्थेच्या मृत्यूचे सारे श्रेय किंवा सारा दोष चिमाजीअप्पांच्या पदरी घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी १७५९ हे साल ध्यानात ठेवावे.

वसईत जे ख्रिस्ती मागे राहिले, त्यांनी गोव्याहून येणाऱ्या धर्मगुरूंच्या आधाराने श्रद्धा जपली, आणि भाषा मात्र मराठीच ठेवली. सामवेदी आणि वाडवळ समाजांतील ख्रिस्ती घरांत आजही आपापली बोली नांदते. याच वसईच्या भूमीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. कोटात गोन्सालो गार्सियाचा सण दरवर्षी साजरा होतो. जेर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या पुराणवास्तूंवर ग्रंथ लिहून या भग्नावशेषांची पद्धतशीर नोंद केली नसती, तर आज हे अवशेष ओळखणे किती कठीण झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

आमच्या चिंचवड-आकुर्डीच्या शाळांच्या सहली कधी वसईस गेल्या, तर शिक्षकांनी मुलांस सेबास्तियन बुरुजाचे खिंडार जरूर दाखवावे; पण तेथूनच परत फिरू नये. त्या मंदिरालगतच्या, छप्पर गेलेल्या चौकात मुलांना बसवून, येथे त्यांच्याच वयाचा एक वसईकर मुलगा शिकत होता, पंधराव्या वर्षी तो जपानास गेला, आणि पुढे तेथल्या सर्वसत्ताधीशापुढे त्याच्याच भाषेत बोलला, एवढे त्यांना सांगावे.