जुन्या मासिकांचा संग्रह : छंद आणि जबाबदारी

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी एक छोटासा समारंभ होत असतो. रद्दीवाला दारात येतो, काटा लटकतो, वर्तमानपत्रांचा एक भाव, मासिकांचा दुसरा आणि पुठ्ठ्याचा तिसरा ठरतो, थोडी घासाघीस होते आणि घराचा एक कोपरा रिकामा झाला म्हणून सर्वांना बरे वाटते. रद्दीवाल्याला आम्ही दोष देत नाही. त्याचा काटा प्रामाणिकपणे वजन सांगतो, आणि वजनापलीकडे काही सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर कोणी टाकलेलीही नाही. परंतु या काट्यावरून काही गठ्ठे परत उचलून घरी आणणारी थोडी माणसे प्रत्येक गावात असतात. त्या थोड्यांपैकी आम्ही एक. अशा माणसाला घरचे आणि बाहेरचे मिळून एकच प्रश्न विचारतात : ‘‘या सगळ्याचे पुढे काय करणार?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. आजचे हे विवेचन म्हणजे त्या प्रश्नाचे आमच्या परीने दिलेले उत्तर होय.

प्रथम पैशाचा मुद्दा संपवून टाकू. कारण जुन्या अंकांना सोन्याचा भाव येतो अशी एक समजूत अलीकडे बरीच पसरली आहे. ती उगम पावली अमेरिकेत. तेथे जून १९३८ चा अंक म्हणून निघालेल्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन प्रथम अवतरला. किंमत होती दहा सेंट. त्याच अंकाची एक प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरला गेली. हे ऐकून अनेकांचे डोळे माळ्यावरच्या ट्रंकेकडे वळतात. पण ती प्रत इतकी महाग का झाली, हे कोणी विचारत नाही. ती महाग झाली, कारण बाकीच्या प्रती उरल्या नाहीत. मुलांनी त्या वाचून फाडल्या, आयांनी फेकल्या, दुसऱ्या महायुद्धात कागदाच्या टंचाईमुळे शाळकरी मुलांनी गठ्ठ्यागठ्ठ्यांनी रद्दी जमवून सरकारला दिली, आणि १९४८ च्या सुमारास काही गावांत तर ‘यांनी मुले बिघडतात’ म्हणून चित्रकथांच्या चक्क होळ्या झाल्या.

आता याची दुसरी बाजू पाहा. जुन्या अंकांना भाव येतो हे एकदा कळल्यावर लोकांनी नवे अंक विकत घेऊन जपून ठेवण्याचा सपाटा लावला. १९९१ साली ‘एक्स-मेन’ या मालिकेचा नवा पहिला अंक निघाला, त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती छापल्या गेल्या. पुष्कळांनी पाच-पाच प्रती घेऊन पेटीत ठेवल्या. आज त्या अंकाला किरकोळ किंमत मिळते. कारण सगळ्यांनीच तो जपला! तात्पर्य, दुर्मिळ ती वस्तू होते जी जपावी असे त्या काळी कोणालाच वाटले नव्हते. संग्राहकाने हे एक सूत्र मनाशी पक्के धरावे आणि पैशाचा विचार सोडून द्यावा.

या सूत्राचा दिवा हाती घेऊन आपल्या मराठीकडे वळू या. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली आणि ‘दिग्दर्शन’ हे मासिक १८४० साली निघाले. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाला आणि तब्बल सत्तर वर्षे चालला. यांची महती विद्वानांना ठाऊक असल्यामुळे त्यांच्या फायली मोठ्या ग्रंथालयांतून बऱ्यापैकी राखल्या गेल्या. खरी आबाळ झाली ती घरगुती वाचनाची. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० साली निघाले. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्याच्या अंकांतून क्रमशः आली. त्या काळच्या वाचकाने ती आठवड्याला थोडी थोडी वाचली, पुढच्या अंकाची वाट पाहिली. आपण ती एका बैठकीत पुस्तकातून वाचतो, तेव्हा कथा तीच असली तरी ती वाट पाहणे आपल्या वाट्याला येत नाही. ते अनुभवायचे तर अंकच समोर हवा.

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १८९५ साली ‘मासिक मनोरंजन’ काढले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढून मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी एक नवा पदार्थ कायमचा वाढून ठेवला. त्या परंपरेतून पुढे दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ आला, ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ यांच्या मुखपृष्ठांवर शि. द. फडणीसांची हास्यचित्रे आली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटेसे पत्रक वाढत वाढत घरोघरीचे मासिक झाले, आणि त्याला १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ अशी भावंडे मिळाली. रघुनाथ धोंडो कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ पर्यंत चालले. संततिनियमनाची चर्चा करणारे ते मासिक, आणि त्याच्या लेखनावरून कर्व्यांवर खटलेही झालेले. असे मासिक दिवाणखान्यात उघड ठेवण्याची छाती किती जणांची असणार? जे लपवून वाचले जाते ते लपूनछपूनच नष्टही होते.

मुलांच्या मासिकांची दशा तर याहून वाईट. कारण त्यांचा वाचक हाच त्यांचा पहिला शत्रू! वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ चे. मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ मराठीत १९५२ साली आला आणि त्यातील विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दोन पिढ्यांच्या मानगुटीवर बसला. त्याचे ते प्रसिद्ध चित्र ‘शंकर’ या नावाने सही करणाऱ्या चित्रकाराचे. पुढे १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाली, ती मराठीतही निघू लागली आणि आणखी एक वेताळ मराठी घरात शिरला. हा मात्र झाडाला लोंबकळणारा नव्हता, तर तंग पोशाख चढवून, घोड्यावर बसून दुष्टांचे पारिपत्य करणारा होता. १९९० साली ती मालिका बंद पडली. हे अंक शाळेच्या दप्तरातून, आगगाडीतून, आजोळच्या माळ्यावरून हिंडले. आज त्यांतला एखादा अंक मुखपृष्ठासह अखंड मिळाला, तर आमच्यासारख्याला रात्री झोप येत नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘‘हे काम ग्रंथालयांचे. तुम्ही कशाला उपद्व्याप करता?’’ ग्रंथालयांचे ऋण आम्ही कधीच विसरणार नाही. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने ठरावीक चार ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते, आणि दोन वर्षांनी त्यात नियतकालिकांचाही समावेश झाला. परंतु ग्रंथालयातील फाईल म्हणजे काय, हे जरा उघडून पाहा. बारा अंक एकत्र बांधताना बांधणी आटोपशीर व्हावी म्हणून पुष्कळदा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली असतात. मजकूर राहतो, अंक राहत नाही. दलालांचे चित्र गेले, केशतेलाची आणि चहाची जाहिरात गेली, वर्गणीचा दर गेला, ‘आपली वर्गणी संपली आहे’ ही व्यवस्थापकांची विनवणी गेली. वस्तुतः लोक काय खात, काय नेसत, कशाला भीत आणि कशाला भुलत, हे लेखांपेक्षा जाहिरातींतून अधिक कळते. कारण लेखक आपले शहाणपण मांडतो आणि जाहिरातदार वाचकाची हौस ओळखतो. म्हणून घरगुती संग्राहकाचे खरे काम हे की, अंक जसा निघाला तसा, पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत, राखावा.

आता संग्रह करावा कसा? आमचा पहिला सल्ला, कुंपण घाला. ‘सगळी जुनी मासिके’ जमवू पाहणारा माणूस दोन वर्षांत रद्दीवाला होतो. एकच मासिक घ्या, किंवा एकच चित्रकार घ्या, किंवा आपल्या जन्मवर्षीचे सारे दिवाळी अंक घ्या. लहान संग्रह पुरा होऊ शकतो, आणि पुऱ्या संग्रहालाच अभ्यासाच्या दृष्टीने किंमत येते. दुसरे, अंक घेताना पाने मोजा. मधले जोडपान निखळलेले असते, रंगीत चित्र कोणीतरी भिंतीवर लावण्यासाठी काढलेले असते, बक्षिसाच्या शब्दकोड्याचे प्रवेशपत्र कात्रीने कापलेले असते आणि त्याच्या पाठीमागची अर्धी कथाही त्याबरोबर गेलेली असते. तरीही दुसरी प्रत मिळेपर्यंत फाटका अंक टाकू नये. तिसरे, रद्दीची दुकाने, पदपथावरचे पुस्तकविक्रेते आणि वाडे पाडण्यापूर्वीची आवराआवर, ही आपली तीर्थक्षेत्रे समजावीत. तेथे नियमाने जाणाऱ्यालाच प्रसाद मिळतो.

मिळालेले टिकवणे हे मिळवण्याहून कठीण. पेशवाईतला जुन्नरी कागद दोनशे वर्षांनंतरही हाताला मऊ लागतो आणि साठ वर्षांपूर्वीचे मासिक हातात पापडासारखे मोडते, याचे नवल वाटते. कारण साधे आहे. जुना हातकागद चिंध्या व ताग यांच्या लांब धाग्यांचा असे. मासिकांचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लाकडातला लिग्निन हा पदार्थ राहून जातो, तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो. आणि शाई फुटू नये म्हणून कागदाला तुरटीचे जे संस्कार केलेले असतात, त्यांतून हळूहळू आम्ल तयार होते. ते आम्ल कागदाचे धागे आतून तोडत राहते. उष्णता आणि दमट हवा यांनी हा नाश अधिक वेगाने होतो. म्हणून पत्र्याच्या छपराखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून सुटे ठेवावे, अंक फार घट्ट कोंबू नयेत, ऊन लागू देऊ नये. पण पावसाळा संपल्यावर सावलीत वारा जरूर द्यावा. गंजलेल्या टाचण्या अलगद काढून सुती दोऱ्याने अंक शिवावा. कसर आणि वाळवी यांच्यावर उत्तम औषध म्हणजे दर दोन महिन्यांनी कपाट उघडून पाहणे. प्रत्येक अंक आम्लरहित कागदाच्या वेष्टनात ठेवता आला तर उत्तमच.

आणि चिकटपट्टी कधीही लावू नये. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. तरुणपणी एका दिवाळी अंकाचे उसवलेले मुखपृष्ठ आम्ही मोठ्या प्रेमाने पारदर्शक पट्टीने सांधले आणि स्वतःवरच खूष झालो. काही वर्षांनी पाहतो तो पट्टी सुटून पडलेली, आणि तिचा डिंक तपकिरी होऊन चित्रातल्या मुलीच्या गालात कायमचा उतरलेला. तो अंक आम्ही अजून ठेवला आहे, आणि नवा संग्राहक घरी आला की प्रथम तोच दाखवतो.

आता पुन्हा त्या मूळ प्रश्नाकडे : याचे पुढे काय करणार? आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ होते. चाळीस वर्षे त्यांनी एका मासिकाचे अंक जमवले. कोणत्या महिन्याचा अंक कोठे आहे, हे त्यांना अंधारातही सांगता येई. पण यादी केली नाही. ‘‘सगळे डोक्यात आहे,’’ असे ते हसून म्हणत. ते गेले. मुले चांगली होती, वडिलांविषयी त्यांना प्रेम होते. परंतु जागा भाड्याची आणि ट्रंका अकरा. त्यांत काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. तेराव्यानंतर आठ दिवसांत सर्व काट्यावर गेले. आम्हाला कळले तेव्हा दुकानात दोन ट्रंकांपुरते उरले होते. जे डोक्यात होते ते डोक्याबरोबर गेले.

त्या दिवशी आम्ही घरी येऊन प्रथम वही उघडली. मासिकाचे नाव, वर्ष, महिना, पाने पुरी की अपुरी, मुखपृष्ठ आहे की नाही आणि अंक कोठून मिळाला, एवढे सहा रकाने पुरेत. अशी यादी असली की मुलांना कळते, ग्रंथपालाला कळते, संशोधकाला कळते. शंकर गणेश दात्यांनी ‘मराठी ग्रंथसूची’साठी आयुष्य वेचले, म्हणून आज कोणते मराठी पुस्तक केव्हा निघाले हे आपण सहज सांगू शकतो. आपल्या कपाटापुरते दाते होणे प्रत्येकाला शक्य आहे. यादीबरोबरच, आपल्यानंतर हे कोणाकडे जावे तेही लिहून ठेवावे, आणि ज्या ग्रंथालयाला द्यायचे त्याच्याशी जिवंतपणीच बोलून घ्यावे.

अलीकडे संगणकावर अंकांच्या छायाप्रती काढता येतात. बालभारतीने १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक असेच सर्वांसाठी खुले केले आहेत. ज्या लेखकांना जाऊन साठ वर्षे उलटली त्यांचे लेखन प्रसिद्ध करण्यास कायद्याची आडकाठी राहत नाही. इतरांच्या बाबतीत परवानगी घ्यावी. छायाप्रतीने वाचकाची सोय होते आणि मूळ अंकाला हात कमी लागतात. मात्र छायाप्रत काढायलाही एक अखंड अंक कोणीतरी राखलेला असावा लागतो.

श्रोतेहो, आम्ही कोणालाही घर रद्दीने भरा असे सांगत नाही. पुढच्या वेळी रद्दीवाला दारात येईल, तेव्हा काट्यावर ठेवण्यापूर्वी गठ्ठ्याची दोरी एकदा सोडून पाहा, एवढीच विनंती. त्यात आजीने जपलेला एखादा दिवाळी अंक असेल, आईचे नाव घातलेला एखादा ‘चांदोबा’ असेल. तो बाजूला काढा, त्याची पाने मोजा आणि वहीत पहिली नोंद करा. काट्यावर त्याचे पाव किलोही भरणार नाही.