हाकेला येणारा कुत्रा आणि माशाची वडी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वाडीत कुत्र्यांना रेबीज प्रतिबंधक लस टोचण्याचे शिबिर झाले. डॉक्टर वेळेवर आले, लस बर्फात घालून आली, मांडव घातला, चहापाणीही झाले. आले नाहीत ते कुत्रे! ज्याच्या घरी वाढलेले, त्याच्याच हाताला लागेनात. एका बागायतदाराने शेवटी डॉक्टरांना ऐकवले, "कुत्रो हातात गावलो तर टोचतलास ना!"

दुपारपर्यंत बरेच कुत्रे लसीवाचून राहिले. त्यांत आमचा मोत्याही होता. हाक मारली की शेपूट पायात घालून परड्यात पळणारा. दोष त्याचा नव्हे, आमचाच. आम्ही त्याला हाक मारायचो ती साखळीला बांधायला, नाहीतर काठी उगारायला.

शेजारच्या काकींचा कुत्रा मात्र एका हाकेला आला आणि टोचून घेऊन परतही गेला. काकींच्या मुठीत माशाच्या वडीचे तुकडे होते. म्हणाल्या, "हाक मारली की खाऊक गावता, ह्या तेका म्हायत आसा. मगे तो कशाक पळात?"

शेतकरी बंधूंनो, सगळी विद्या या एका वाक्यात आहे. बागेत वानर हाकलणारा, रात्री गोठा राखणारा कुत्रा आपल्याला हवा असतो. पण हाकेला न येणारा कुत्रा डुकरामागे रानात जातो, बिबट्याच्या तोंडी सापडतो आणि लसीच्या दिवशी हाती लागत नाही.

मासा कोणता घ्यावा?

आपल्याकडचा कुत्रा आमटीभातावर वाढलेला. भाकरीच्या तुकड्याचे त्याला अप्रूप नाही. माशाचा वास मात्र लांबून ओढतो. तारली, पेडवे, बांगडा हे स्वस्त मासे यासाठी उत्तम. मात्र ते ताजे हवेत. हे मासे उन्हात तासन्‌तास पडले तर त्यांत विषारी द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. तेव्हा "आपल्याला नको, कुत्र्याला चालेल" हा हिशेब येथे चुकीचा आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात सुके वापरावे, पण पारखून. सुका बांगडा खारवलेला असतो, तो देऊ नये. जास्त मिठाने कुत्र्याला उलट्या, जुलाब होतात, फारच झाले तर झटकेही येतात. मीठ न लावता उन्हात वाळवलेला बोंबील किंवा जवळा चालतो. जवळा चाळून, वाळू झाडून, दोनदा धुवावा.

जाळ्यातून किनाऱ्यावर टाकलेला केंड मासा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. तो विषारी असतो आणि कुत्रा त्याने दगावू शकतो.

वडीची कृती

पाव किलो मासा साफ करून डोके, पोट व पर काढावेत. साध्या पाण्यात १५ मिनिटे उकडावा. मीठ, हळद, मसाला काही नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने कुत्र्याचे रक्त बिघडते. निवल्यावर मधला काटा काढावा आणि मांस बोटांनी चुरून बारीक काटेही वेचावेत. शिजलेला काटा घशात किंवा आतड्यात रुततो, म्हणून येथे घाई करू नये.

या चुऱ्यात एक वाटी नाचणीचे किंवा तांदळाचे पीठ घालून, माशाच्याच पाण्यात घट्ट मळावे. पातळ थापून बिडाच्या तव्यावर तेलाशिवाय, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावे. मग तुरीच्या दाण्याएवढे तुकडे कापून ते पुन्हा तव्यावर, विस्तवाच्या धगीवर कडक होईपर्यंत ठेवावेत. तुकडा मोडताना 'कट्' आवाज आला की झाले.

निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. कोरड्या दिवसांत चार-पाच दिवस पुरेल एवढेच करावे, पावसाळ्यात दोन दिवसांचे. बुरशी दिसली किंवा वास बदलला की टाकून द्यावे.

शिकवण कशी द्यावी?

जेवणापूर्वी, कुत्रा भुकेला असताना अंगणात सुरुवात करावी. दोन पावलांवरून नाव घेऊन "ये" म्हणावे. आला की लगेच तुकडा द्यावा. उशीर झाला तर तुकडा कशाचा मिळाला हे त्याला उमगत नाही. असे आठ-दहा वेळा, पाच मिनिटे, बस्स. घरातल्या सर्वांनी शब्द एकच वापरावा. एकाने "ये" आणि दुसऱ्याने "हकडे" म्हटले की कुत्रा गोंधळतो.

आठवडाभराने अंतर वाढवावे. मग लांब दोरी बांधून बागेत न्यावे. आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये, उशिरा आला तरी. एकदा मारले की पंधरा दिवसांची मेहनत वाया जाते.

हाकेला येऊ लागला की पुढचा धडा. मानेवरची कातडी हलकेच धरावी, तुकडा द्यावा. मागची मांडी दाबावी, तुकडा द्यावा. डॉक्टर टोचताना हेच होणार असते. दिवसाला दहा-बारा तुकडे पुरेत. तेवढे अन्न जेवणातून कमी करावे. पहिल्या दिवशी एकच तुकडा देऊन पोट बिघडत नाही ना, ते पाहावे.

हे सारे कशासाठी?

रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस मात्र हा रोग टाळते. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि मग दरवर्षी टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. चुना, तिखट, झाडपाला लावून वेळ दवडू नये.

सरपंच व ग्रामसेवकांना एक सूचना. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. शिबिर त्या सुमारास ठेवायचे असेल तर दवंडी महिनाभर आधी द्यावी आणि दवंडीतच ही वडीही सांगावी. लस आणणे पंचायतीच्या हाती आहे, कुत्रा आणणे घरधन्याच्या.

आमचा मोत्या आता डब्याचे झाकण वाजले तरी धावत येतो. शिबिरात राहिलेली लस नंतर दवाखान्यात नेऊन टोचून आणली. मान धरली तेव्हा त्याचे सगळे लक्ष माझ्या मुठीकडे होते.