मोटारसायकलीचे नक्षीदार खोगीर

घोड्यावरचे खोगीर आता आपल्याकडे लग्नाच्या वरातीपुरतेच दिसते. पण खोगीर करणाऱ्यांची विद्या अमेरिकेत एका अनपेक्षित जागी, म्हणजे मोटारसायकलीच्या बैठकीवर, येऊन टिकली आहे. वायोमिंग राज्यातील शेरिडन या गावी डॉन किंग नावाच्या कारागिराने विसाव्या शतकाच्या मध्यास खोगिरावर रानगुलाबांची आणि वर्तुळात वळणाऱ्या देठांची नक्षी रूढ केली. तिला आज शेरिडन शैली म्हणतात. त्याच धाटणीची फुले एका हार्ले-डेव्हिडसन गाडीच्या एकेरी बैठकीवर उमटलेली मी छायाचित्रात पाहिली, आणि वडिलांच्या जुन्या बुलेटसाठी आपणही अशी बैठक करावी, अशी दुर्बुद्धी मला सुचली. दुर्बुद्धी अशासाठी म्हणतो की, फायलीची नाडी बांधण्यापलीकडे माझ्या हाताला तोवर कोणतीही कारागिरी ठाऊक नव्हती.

पहिली चूक चामडे घेतानाच झाली. तेव्हा मी नोकरीनिमित्त चेन्नईत होतो. बाजारातून उत्तम, मऊ, तपकिरी चामडे आणले, ओले केले आणि त्यावर ठसा ठोकला. ठसा उमटला आणि पाहता पाहता पुसट झाला. मागाहून कळले की, ते क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले होते. आपल्या पादत्राणांत आणि पिशव्यांत हल्ली बहुतेक असेच चामडे असते. ते लवचिक असते, पाण्याला दाद देत नाही, आणि म्हणूनच ठशालाही देत नाही. नक्षीला हवे ते झाडांच्या साली आणि फळे यांतील टॅनिनने कमावलेले चामडे. कोल्हापुराकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. दक्षिणेत तरवडाची साल प्रसिद्ध होती. क्रोमचे काम एक-दोन दिवसांत उरकते, सालीच्या कमावणीला कित्येक आठवडे लागतात. पण हे चामडे भिजले म्हणजे कुंभाराच्या मातीसारखे वागते आणि वाळले म्हणजे दिलेला आकार सोडत नाही. कापलेल्या कडेकडे पाहावे: आतपर्यंत तपकिरी असेल तर ते सालीचे, मध्ये निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमचे.

आता कृती. बैठकीचा पाया म्हणजे वळवलेला लोखंडी पत्रा. त्यावर दाट स्पंजाचा थर चिकटवतात. सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीचे चामडे कोमट पाण्यात भिजवून त्यावर ताणून बांधतात आणि सावलीत वाळू देतात. नक्षी याआधी काढली तर ताणल्यावर गुलाबांचे भोपळे होतात; म्हणून आधी आकार, मग फुले. माझे चामडे दोन दिवसांनी सोडले, तर कडेने सर्वत्र निळे-काळे डाग! रजा काढून कोल्हापुरास गेलो आणि चपला करणाऱ्या एका वृद्ध कारागिरांना तो तुकडा दाखवला. ते हसून म्हणाले, “हिरड्याच्या कातड्याला लोखंड लावलं तर काळं होणारच की वो, सायेब.” हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करीत, हे मी पुस्तकांत वाचले होते, तीच शाई मी बैठकीवर तयार केली होती. लिंबाच्या रसाने बरेचसे डाग गेले. पुढच्या खेपेस पत्र्याला रंग देऊन वर प्लॅस्टिक गुंडाळले.

त्या गृहस्थांनी मला विचारले, हे तुम्हांला कशाला हवे? त्यांचा मुलगा बँकेत आहे, रापीला हात लावीत नाही. ज्या कामापायी त्यांच्या आजोबांना देवळाची पायरी चढू देत नसत, ते काम मी छंद म्हणून शिकायला आलो होतो. मला उत्तर सुचले नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही. रापी उचलली आणि माझ्यासाठी वादी कापायला घेतली.

वादीकडे वळण्यापूर्वी नक्षीविषयी सांगितले पाहिजे. आकार घेतलेले चामडे उतरवून, ते पसरू नये म्हणून मागे चिकटपट्टी लावतात आणि स्पंजाने पुन्हा ओले करतात. मग थांबावे लागते. रंग जवळजवळ मूळचा दिसू लागला, पण गालाला लावताच गार वाटले, की ती वेळ. फार ओल्यावर ठसा विरतो, फार कोरड्यावर बसत नाही. फिरत्या दांड्याच्या सुरीने जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत रेघ कापायची आणि रेघेच्या बाहेरची बाजू ठशाने दाबत जायची. पाकळी मुळी वर येतच नाही. भोवतालची जमीन खाली जाते. कार्यालयातील टिपणी खोडून दुसरी लिहिता येते. इथली रेघ खोडता येत नाही. माझ्या एका गुलाबाला सहा पाकळ्या झाल्या आहेत.

शेवटी गुंफण. खालच्या बाजूची चामड्याची पट्टी वरच्या भागाला कडेने चिकटवतात, दाताळ्या छिन्नीने समान अंतरावर चिरा पाडतात आणि तीन मिलिमीटर रुंदीची वादी ओवतात. दुहेरी फासाच्या टाक्यात प्रत्येक वेढा आधीच्या फासाखालून जातो. त्यामुळे उघडी कड झाकली जाते आणि ताण साऱ्या कडेवर वाटला जातो. पण वादी मात्र कडेच्या सुमारे सातपट लागते. माझी कड 110 सेंटिमीटर, म्हणजे वादी साडेसात मीटरांहून अधिक. परदेशात कांगारूचे कातडे पसंत करतात, कारण पातळ करूनही ते तुटत नाही. कोल्हापूरच्या आजोबांनी बकऱ्याच्या कातड्याचा गोल तुकडा घेतला आणि कडेपासून आत, चकलीच्या वळणाने, एकसारखी वादी काढली. फूटपट्टी नाही, खूण नाही. अंगठ्याचे नख हेच माप.

तेल बेताने द्यावे. फार मुरवले तर आकार सैल पडतो. वर मेण चोळावे. पाऊस मात्र या बैठकीला सोसत नाही. आता बदलीने मुंबईस आल्यापासून जून ते सप्टेंबर ती घरात फडताळावर असते, आणि वडिलांची रेग्झिनची ठिगळे लावलेली सीट पुन्हा बुलेटवर चढते.