वादळाची टेहळणी

वैशाख-ज्येष्ठातील जयपूरची दुपार सोसणे हे परक्या माणसाचे काम नव्हे. तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असते, पश्चिमेकडून येणारी 'लू' अंग भाजून काढीत असते आणि गुलाबी रंगाच्या त्या देखण्या बाजारपेठांतून चिटपाखरूही फिरकत नाही. अशा एखाद्या दिवशी चारच्या सुमारास सांभर सरोवराच्या अंगाला, क्षितिजाच्या अगदी कडेला, कापसाच्या ढिगासारखा एक शुभ्र ढग डोके वर काढतो. घटकाभरात त्याचा मनोरा होतो आणि मग मनोऱ्याचा माथा पसरट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा दिसू लागतो. शहरातील बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. परंतु थोडी माणसे अशी असतात, की असा ढग दिसला म्हणजे त्यांना घरात बसवत नाही. ती गच्चीवर जातात, घड्याळ पाहतात, ढग कोणत्या दिशेने सरकतो आहे याचा अंदाज बांधतात. उन्हाळी वादळाचा माग काढण्याच्या या छंदाला जयपूरइतकी अनुकूल भूमी आपल्या देशात क्वचितच सापडेल. आणि केवळ पाहत उभे राहणे किती महाग पडते, याचा दाखलाही याच शहराने दिला आहे.

महाराष्ट्रातील माणसाला उन्हाळी वादळ म्हटले की वळीव आठवतो. दिवसभराचा उकाडा, तिसऱ्या प्रहरी भरून येणारे आभाळ, सुसाट वारा, टपोरे थेंब, क्वचित गारा आणि मागाहून दरवळणारा मातीचा वास, हे सारे आपल्या ओळखीचे आहे. राजस्थानातील 'आँधी' ही या वळवाचीच बहीण होय. तिचा स्वभाव मात्र निराळा, आणि त्या निराळेपणाचे मूळ तेथील हवेच्या कोरडेपणात आहे.

दोहोंचा प्रारंभ एकाच रीतीने होतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. तिच्याबरोबर वर गेलेली वाफ उंचावरील थंडीने गोठून जलकण बनते. वाफेचे पाणी होताना उष्णता मोकळी होते आणि ती उष्णता त्या हवेला आणखी वर रेटते. अशा रीतीने स्वतःच्याच बळावर वाढणारा हा गर्जन्मेघ कधीकधी १५-१६ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतो. राजस्थानात उन्हाळ्यात वाफ थोडी. ती अरबी समुद्राकडून किंवा पूर्वेकडून येते, आणि इराण-अफगाणिस्तान ओलांडून येणारे पश्चिमी विक्षोभ तिला वर चढण्यास हात देतात.

येथून पुढे दोन्ही बहिणींच्या वाटा फुटतात. कोरड्या प्रदेशात ढगाचा तळच जमिनीपासून पुष्कळदा तीन किलोमीटर उंचीवर असतो. ढगातून सुटलेला पाऊस एवढे अंतर तापलेल्या हवेतून उतरताना वाटेतच आटतो. माठातील पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने या आटण्यामुळे भोवतालची हवा गार होते. गार झाली म्हणून जड होते. आणि जड झाली म्हणून धबधब्यासारखी खाली कोसळते. जमिनीवर आदळलेली ही हवा चहूंकडे फाकते आणि तिच्या पुढच्या काठावर सैल माती उधळली जाऊन एक-दोन किलोमीटर उंचीची धुळीची भिंत उभी राहते. सुदानमध्ये याच भिंतीला 'हबूब' म्हणतात. भिंत अंगावरून गेली की काही मिनिटांत तापमान दहा-बारा अंशांनीही उतरते, वायुभार एकदम चढतो, भर दिवसा दिवे लावावे लागतात आणि शेवटी पाऊस येतो तो चिखलाच्या शिंतोड्यांच्या रूपाने. पी. व्ही. जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली 'मौसम' या त्रैमासिकात या आँधीची मीमांसा केली. दिवसभर जोराच्या वाऱ्याने उडत राहणारी धूळ वेगळी आणि गर्जन्मेघाच्या पायथ्यातून निघालेली ही भिंत वेगळी, हा भेद ध्यानात घेणे ही वादळ पाहणाऱ्याची पहिली इयत्ता म्हणावी लागेल.

हवामानशास्त्रावर हौशी माणसांचे ऋण मोठे आहे. ढगांना आज सर्व जगात चालणारी नावे दिली ती ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध व्यावसायिकाने, १८०२ साली दिलेल्या एका व्याख्यानात. त्याच देशात १८६० च्या सुमारास जी. जे. सायमन्स यांनी पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांची साखळी उभारण्यास प्रारंभ केला. १९०० साली ते वारले तेव्हा या साखळीत तीन हजारांहून अधिक निरीक्षक होते. अमेरिकेत डेव्हिड होडली या तरुणाने १९५६ साली उत्तर डाकोटातील बिस्मार्क गावी वादळांच्या मागे मोटार घेऊन जाण्यास आरंभ केला. पुढे १९७७ मध्ये त्याने या छंदाला वाहिलेले एक नियतकालिकही काढले. पाठलाग करणारे हे लोक सर्वांना ठाऊक झाले. त्याच देशातील हवामान खात्याने शिक्षण देऊन तयार केलेले तीन लाखांहून अधिक स्वयंसेवक आपापल्या गावात उभे राहून वादळाची वर्दी देतात, ही गोष्ट मात्र तितकीशी कोणी सांगत नाही. वस्तुतः अधिक उपयोगाचे तेच आहेत.

जयपूरला आकाशाकडे पाहण्याची सवय नवी नाही. हे शहर १७२७ मध्ये वसविणाऱ्या सवाई जयसिंहाने राजवाड्याला लागूनच वेधशाळा बांधली, आणि त्याच्या ज्योतिषमंडळातील अग्रणी पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय मानले जातात, ही आपल्याला जवळची वाटणारी गोष्ट. या वेधशाळेतील सम्राटयंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीचे सूर्यघटीयंत्र. त्याच्या अगदी माथ्यावर एक छोटी छत्री आहे. आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी नगरातील ज्योतिषी तेथे चढतात, हाती पताका धरतात आणि ती कोणत्या दिशेला फडफडते यावरून येणाऱ्या पावसाचे भाकित करतात. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी याच जातीची, आणि ज्या भाडळीचे नाव महाराष्ट्राच्या खेड्यात सहदेवाबरोबर घेतले जाते तीच भडली म्हणून राजस्थानातही पर्जन्याच्या म्हणींतून वावरते. एका सायंकाळच्या वाऱ्यावरून चार महिन्यांचा पाऊस सांगता येत नाही, हे खरे. तरीही वारा पाहावयाचा तर उंचावर जावे, ठरावीक वेळी जावे आणि दिशा नेमकी टिपावी, एवढी शिस्त त्या रिवाजात आहे. आणि हौशी निरीक्षकाचे निम्मे शिक्षण या शिस्तीतच होते.

आता कोणी विचारील, की जयपूरला हवामान खात्याचे डॉपलर रडार असताना गच्चीवरील माणसाची गरज ती कोणती? पृथ्वी गोल आहे, हे याचे उत्तर. रडारचा किरण जमिनीला समांतर न राहता दूर जाता जाता उंच होत जातो. अर्ध्या अंशाने कललेला किरण १०० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर गेलेला असतो. ढगाच्या पोटात काय चालले आहे ते त्याला उत्तम कळते, पण ढगाखाली जमिनीला चिकटून धावणारी गार हवा, तिने उठविलेली धूळ आणि शेतात पडलेल्या गारेचा आकार या गोष्टी बऱ्याचदा त्याच्या नजरेतून निसटतात. तेथे उभा असलेला माणूस त्या पाहू शकतो. शिवाय ऐरणीच्या आकाराचा माथा शंभर किलोमीटरवरूनही दिसतो. वादळ ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर सांभरकडील ढगाला जयपूर गाठावयास दीड-दोन तास लागतात. ज्याला ढग वाचता येतो, त्याच्या हाती एवढा वेळ असतो.

हा वेळ हाती नसला म्हणजे काय होते, हे २ मे २०१८ च्या रात्री दिसले. धुळीच्या व विजांच्या वादळाने पूर्व राजस्थानातील अलवर, धौलपूर व भरतपूर हे जिल्हे आणि उत्तर प्रदेशातील आग्रा परिसर झोडपून काढला. दोन्ही राज्यांत मिळून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांतील पुष्कळ जण झोपेत होते. घरे आणि भिंती अंगावर कोसळून ते गेले.

दुसरी घटना खुद्द जयपूरची आणि तिचे दुःख वेगळ्या प्रकारचे आहे. २०२१ साली मोसमी पाऊस वाटेतच रेंगाळला होता. ११ जुलै हा रविवार. सायंकाळी आमेरच्या किल्ल्यासमोरील टेकडीवर, टेहळणीच्या जुन्या बुरुजावर, आलेला पाऊस पाहण्यासाठी आणि छायाचित्रे टिपण्यासाठी मंडळी जमली होती. त्यांत तरुण अधिक. बुरुजावर वीज पडली आणि अकरा जण प्राणास मुकले. कोणे एके काळी हा बुरूज शत्रू दुरून दिसावा म्हणून बांधला गेला. त्या सायंकाळी बुरुजावरील सर्वांचे डोळे आभाळाकडेच होते. जे दिसत होते त्याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी कधी शिकविलेले नव्हते. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. भारतात दरवर्षी विजेने दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि शाळेच्या पुस्तकात विजेचा धडा असला तरी ढग दिसल्यावर उठून कोठे जावे, हे त्यात सहसा विस्ताराने येत नाही.

हा अर्थ लावण्याची रीत अवघड मुळीच नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि त्यांना तिनाने भागावे. तेवढे किलोमीटर अंतर. आकडा तीसवर आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरवर आली, की निरीक्षण संपले असे समजून पक्क्या घरात शिरावे. पाऊस आपल्या डोक्यावर नाही हा दिलासा फसवा होय, कारण ढगाच्या माथ्यातून निघालेली वीज पावसापासून दहा-दहा किलोमीटर दूरही पडते. छत्री, बुरूज, एकटे झाड, किल्ल्याची तटबंदी या जागा वादळ दूर असताना पाहण्यास उत्तम आणि जवळ आल्यावर सर्वांत वाईट. घर नसेल तर काचा मिटलेली, पत्र्याच्या छपराची मोटार पुष्कळ बरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर येऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे साधन आता भ्रमणध्वनीवर विजेची पूर्वसूचना देते. ते जवळ असावेच, पण सेकंद मोजण्याची सवय त्यामुळे सोडू नये. जाणकारांचीही गाठ कधीकधी मृत्यूशी पडते. ३१ मे २०१३ रोजी अमेरिकेतील एल रेनो येथे टिम समारस हे अनुभवी वादळसंशोधक, त्यांचे पुत्र पॉल आणि सहकारी कार्ल यंग असे तिघेही चक्रीवाताच्या तडाख्यात सापडून मरण पावले. सावधपणाबद्दल समारस यांची ख्याती होती.

म्हणून नाहरगडावरून पश्चिमेचा ढग न्याहाळणाऱ्या निरीक्षकाने चढतानाच उतरण्याची वेळ ठरवून ठेवावी. ऐरण दिसू लागली की पहिली नोंद: वेळ, दिशा, अंदाजे अंतर. ढगाच्या तळाखाली राखी रंगाचे पडदे लोंबताना दिसले आणि ते जमिनीपर्यंत पोहोचत नसले, की दुसरी नोंद. वाटेतच आटणारा पाऊस तो हाच, आणि आँधीची तयारी चालू झाल्याची ती खूण. क्षितिजावर पिवळसर तांबूस रेघ उमटली की तिसरी नोंद, आणि त्याच क्षणी गड उतरावयास लागावे. उरलेल्या नोंदी घराच्या खिडकीतून कराव्यात: वारा कितीला फिरला, पारा किती उतरला, गारा पडल्या असल्यास त्या हरभऱ्याएवढ्या की लिंबाएवढ्या. भारतीय हवामान खाते आता सामान्य नागरिकांकडूनही गारा, वीज आणि धुळीची वादळे यांच्या नोंदी स्वीकारते. वहीतील ओळ वहीतच राहण्याचे कारण उरलेले नाही.

शेवटचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठचे. देशातील सर्व वेधशाळांत चोवीस तासांचा पाऊस मोजण्याची हीच वेळ. कौटिल्याने राज्याच्या कोठारापाशी एक हात तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आणि कोकणच्या, म्हणजे अपरांताच्या, पावसाला मोजदादच नाही असेही नमूद केले. जयपूरच्या गच्चीवरील पर्जन्यमापकात आँधीच्या दुसऱ्या दिवशी बहुधा चमचाभर चिखल सापडतो. निरीक्षक तो पुसून काढतो, भांडे पुन्हा जागेवर ठेवतो आणि पावसाच्या रकान्यात लिहितो: नाममात्र.