व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यानंतर

शिरूरहून एसटीने पुण्याला यायला दोन तास धरावे लागतात. वाघोलीत वाहतूक अडकली तर त्याहून जास्त. दौंडकरांना रेल्वेची सोय आहे, गाडी वेळेवर असली तर साधारण दीड तासात पुणे स्टेशन येते. नोकरीसाठी, कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी या दोन्ही तालुक्यांतली माणसे हा प्रवास करतातच. पण दारू सोडलेल्या माणसाला दर आठवड्याला एका तासाच्या बैठकीसाठी पुण्याला जा आणि रात्री परत ये, असे सांगितले की हेच अंतर फार मोठे वाटू लागते. दोन आठवडे तो जातो. तिसऱ्या आठवड्यात पाळी बदलते, चौथ्या आठवड्यात भाच्याचे लग्न निघते, आणि जाणे बंद पडते.

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा, चाळिशीतला, दोन मुलांचा बाप डोळ्यांसमोर आणा. अशी माणसे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतात. दहा-बारा वर्षे पिणे चाललेले असते. कावीळ होते किंवा रक्ताची उलटी होते, तेव्हा घरचे हादरतात. उसनवारी करून त्याला केंद्रात ठेवले जाते. महिनाभराने तो परत येतो तेव्हा चेहऱ्यावर तेज असते, भूक लागत असते, हात थरथरत नसतात. घरात गोडधोड होते. ‘सुटला एकदाचा’ असे सगळे म्हणतात. आणि इथेच चूक होते.

दारूचे शारीरिक अवलंबन साधारण आठवड्या-दहा दिवसांत उतरते. ओढ मात्र उतरत नाही. मेंदूने इतकी वर्षे दारूची सांगड संध्याकाळच्या वेळेशी, ठरावीक चौकाशी, एखाद्या मित्राच्या मोटारसायकलच्या आवाजाशी घातलेली असते. त्या खुणा समोर आल्या की ओढ जागी होते. महिन्यांनी होते, कधी वर्षांनीही होते. केंद्रात या खुणा नसतात. घरी आल्यावर त्या पहिल्याच संध्याकाळी भेटतात. म्हणून मधुमेह आणि रक्तदाबासारखाच हा दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार आहे. मधुमेहाच्या रुग्णाला महिनाभर दाखल करून ‘बरा झालास, आता ये’ असे कोणी सांगत नाही.

हे पुण्यात फार पूर्वी ओळखले गेले होते. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचट यांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारांइतकेच महत्त्व तिथे पुढच्या पाठपुराव्याला दिले गेले. व्यसनातून बाहेर आलेलेच समुपदेशक झाले. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट निघाला, कारण नवऱ्याची दारू सुटली तरी तिची झोप लगेच परत येत नाही. फाटकाचा आवाज आला की ती अजून कान टवकारते, खिसे तपासते. तिलाही कोणाशी तरी बोलावे लागते, आणि ते सासूशी किंवा माहेरी बोलण्यासारखे नसते.

याच्याही आधी, १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून दारू सोडली. त्यांतला एक शल्यविशारद होता. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ निघाली. फी नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट, आणि आजच्या दिवसापुरते न पिण्याचा निश्चय. डॉक्टर मंडळी बरीच वर्षे याकडे भजनी मंडळ म्हणून पाहत. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा आढावा घेतला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, या बैठकांशी रुग्णाला पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. इतर काही निकषांवर ते त्यांच्या बरोबरीचे होते. औषधाच्या कंपनीला असा निकाल मिळाला असता तर तिने पानभर जाहिरात दिली असती.

पण या पद्धतीचा पाया अनामिकतेचा आहे, आणि शिरूर-दौंडसारख्या ठिकाणी अडचण नेमकी तीच आहे. न्हावऱ्यात किंवा पारगावात कोणी कोणाला अनोळखी नसते. शाळेच्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी सात माणसे जमली तर आठ वाजेपर्यंत ती कोण होती हे गावाला कळलेले असते. मुलीचे लग्न ठरायचे असलेला बाप त्या खोलीत पाऊल टाकत नाही. गंमत अशी की हाच माणसू वीस वर्षे भर चौकात पीत आलेला असतो. पिण्याची लाज नाही आणि सोडण्याची लाज, अशी ही उलटी रीत आहे. म्हणून अनेक जण मुद्दाम लांबची बैठक निवडतात. शिरूरचा माणूस पुण्यात जातो, दौंडचाही तेच करतो. लाज टळते, पण अंतर आडवे येते.

याच भागात याच्या अगदी उलट मार्गही पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. तो म्हणजे तुळशीची माळ. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी दौंड तालुक्यातून जाते. यवतला वारकऱ्यांना पिठलं-भाकरी मिळते, पुढे वरवंडला मुक्काम होतो. त्या दिवसांत माळ घालून दारू-मांस सोडणारे अनेक असतात. इथे लपवाछपवी नाही. माळ सगळ्यांना दिसते, चहाच्या टपरीवर कोणी ‘बसायला’ बोलवत नाही, एकादशी आणि भजन यांनी आठवड्याचा नि महिन्याचा क्रम बांधून दिला जातो, आणि नवी संगत मिळते. समुपदेशक ज्या गोष्टी कष्टाने उभ्या करतो त्यातल्या बऱ्याच इथे आयत्या असतात. ज्याला ती वाट मानवते त्याला डॉक्टरने आडकाठी करू नये.

मात्र माळ तुटली की काय, याचे उत्तर तिथे सहसा नसते. घसरण हा या आजाराचा भाग आहे. केंद्रात किंवा बैठकीत घसरलेला माणूस परत आला तर त्याला खुर्ची दिली जाते. माळ घालून प्यायलेला माणूस मात्र देवाचा अपराधी ठरतो, स्वतःच्याच नजरेत. मग तो भजनाला यायचे टाळतो, चोरून पितो आणि आधीपेक्षा जास्त पितो. एखाद्या फडावरच्या जाणत्या वारकऱ्याने अशा माणसाच्या घरी जाऊन ‘काल गेलं, आज चल’ एवढे म्हटले तर फार मोठा उपचार होतो. असे करणारी मंडळी आहेत. त्यांना आपण वैद्यकीय काम करतो आहोत, हे ठाऊकही नसते.

गावाच्या ताकदीचा तिसरा प्रकार म्हणजे धाक. शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी दारूबंदीसाठी देशभर नावाजले गेले. तिथे सुरुवातीच्या काळात पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलेही गेले, आणि अण्णा हजारे यांनी ते कधी लपवले नाही. भट्ट्या बंद झाल्याचा फायदा खरा आहे. सहज मिळणारी दारू कमी झाली की पिणे कमी होते, हे जगभर दिसले आहे. महिलांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची ‘आडवी बाटली’ची तरतूदही त्यासाठीच आहे. पण मार खाल्लेला माणूस आजार लपवायला शिकतो. त्यातच त्याला नैराश्य असेल, आणि दारू पिणाऱ्यांत ते नेहमी आढळते, तर चारचौघांतल्या अपमानाने जिवावर बेतू शकते. बाटली आडवी करावी, माणसाला नाही.

मग करायचे काय? मनोविकारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी पुरेसे नाहीत आणि नजीकच्या काळात होणारही नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांमागे एक. खाटा वाढवून हा आकडा भरून निघणार नाही.

याचे उत्तर गोव्यातून आले. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली, ती २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार भेटी मिळाल्या. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक, शिकलेली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे घातक पातळीच्या खाली आले होते, न मिळालेल्यांत २६ टक्क्यांचे. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले एकीकडे ४२ टक्के, दुसरीकडे १८. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्यासाठी गावपातळीवर अशीच माणसे नेमली, तेव्हा मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकऱ्याने ‘मला नैराश्य आहे’ म्हणून कधीच दार ठोठावले नसते. ओळखीच्या ताईने ‘झोप लागते का?’ विचारल्यावर तो बोलला.

शिरूर-दौंडमध्ये अशी माणसे आहेतच. आशा ताई आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, आणि मुख्य म्हणजे दारू सोडून पाच-दहा वर्षे झालेले लोक प्रत्येक मोठ्या गावात दोन-चार तरी आहेत. त्यांना एकत्र आणून थोडे शिकवायचे आहे.

त्यात पहिला धडा जपण्याचा हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने गावकऱ्यांच्या शपथेवर एकाएकी दारू बंद केली तर ते धोक्याचे असते. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास होणे, माणसे न ओळखणे, ताप, घाम, बेभान होणे ही लक्षणे दिसली तर ते भूतबाधेचे लक्षण नव्हे. तो तातडीचा आजार आहे आणि त्यात मृत्यू होऊ शकतो. आधी कधी फिट आली असेल, सकाळी उठल्यावर हात थरथरून घोट घ्यावा लागत असेल, तर दारू बंद करण्याआधी सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे काही दिवस गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हा टप्पा सुखरूप पार करता येतो.

दुसरा धडा भिंतीवरच्या जाहिरातींचा. ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणणारी भुकटी बायका भाजीत, चहात मिसळतात. त्यांची अगतिकता समजण्यासारखी आहे. पण त्या भुकटीत काय आहे हे कोणालाच माहीत नसते. डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि नवरा त्यावर प्यायला, तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड होऊन रक्तदाब कोसळू शकतो. हृदयविकार असला तर जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात.

नैराश्य, संशय, भास असे आजार घरात असतील तर कुटुंबांचा गट वेगळा हवा. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथे रुग्णांचे आणि काळजी घेणाऱ्यांचे स्वमदत गट चालतात. तालुक्यात असा गट निघेपर्यंत ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे, मराठीतून बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. कोणी जीव देण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवावेत आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा होईल या भीतीने रुग्णालय टाळण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो प्रचंड तणावाखाली होता असेच धरले जाते.

राहिला लाज आणि अंतर यांचा पेच. शेजारशेजारच्या चार-पाच गावांनी मिळून एक गट काढला आणि तो आठवडे बाजाराच्या दिवशी बाजाराच्याच गावी घेतला, तर कोण कुठे आणि कशाला चालले आहे हे कोणी विचारत नाही. कारखान्यातल्यांसाठी पाळी सुटण्याची वेळ धरावी. पत्नींची बैठक त्याच दिवशी, पण दुसऱ्या जागी. सुरुवातीला चार माणसे आली तरी पुरे, त्यातला एक दोन वर्षे न प्यालेला असला म्हणजे झाले.

आणि वर्षातले काही दिवस आधीच वहीत लिहून ठेवावेत. पगाराची तारीख, उसाचे बिल खात्यात जमा होण्याचा आठवडा, गावची यात्रा, पोळा, निवडणुकीच्या आधीच्या रात्री, जेव्हा दारू फुकट वाटली जाते. त्या संध्याकाळी बैठक नसली तरी गटातल्या एकाने दुसऱ्याच्या घरी जेवायला जावे.