न दिसणारा दांडा

उज्जैनला समुद्र नाही. तेथे क्षिप्रा आहे आणि महाकाल आहे. तरीही आपल्या आधुनिक नौकानयनाशी या नगरीचे दूरचे नाते आहे. ग्वाल्हेरपूर्वी शिंद्यांची राजधानी उज्जैन होती. त्याच घराण्याकडून विकत घेतलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या वतीने मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ही दोन पंख्यांची बोट १८९१ मध्ये बांधलेली, म्हणजे तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली.

जहाजाचे खरे वय रंगरंगोटीवरून कळत नाही. पंखा ज्यावर बसतो तो मागचा दांडा, म्हणजे टेलशाफ्ट, पाण्याखाली नळीत दडलेला असतो. पंख्याच्या वजनाने तो वाकू पाहतो आणि प्रत्येक फेऱ्यात हा ताण उलटसुलट होतो. त्यात खारे पाणी शिरले, की पंख्याच्या बैठकीपाशी, चावीच्या खाचेजवळ, केसासारखी बारीक चीर पडते. भर समुद्रात दांडा तुटला, तर इंजिन धडधाकट असूनही जहाज लाटांच्या स्वाधीन होते.

म्हणूनच साधारणतः दर पाच वर्षांनी या दांड्याची तपासणी असते. जहाज सुक्या गोदीत घेऊन बेअरिंगची झीज मोजतात. पंखा उतरवून, दांडा बाहेर ओढून, चुंबकीय कसोटीने चीर शोधतात. तेलावर चालणाऱ्या दांड्याच्या बाबतीत तेलाची व तापमानाची नियमित नोंद असेल, तर तो बाहेर काढण्यास मुदतवाढही मिळते. ही सवलत शास्त्रशुद्ध आहे. परंतु ती नोंदीच्या सचोटीवर उभी आहे.

आणि प्रश्न नेमका येथेच आहे. गोदीतला प्रत्येक दिवस मालकाला तोट्याचा वाटतो, आणि ‘पुढच्या खेपेला पाहू’ हा मोह बलवत्तर ठरतो. १९७५ मध्ये इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग स्थापन झाल्याने जहाजांच्या तपासणीसाठी स्वदेशी संस्था उभी राहिली. मात्र संस्था असून भागत नाही; तपासनिसास ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य हवे, आणि ते मानण्याची शिस्त मालकात हवी.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ अर्पण करतो. ती श्रद्धा पवित्रच आहे. पण घरचा खलाशी सुखरूप परतावा ही प्रार्थना करणाऱ्या समाजाने, त्याच्या जहाजाचा दांडा कोणी, केव्हा पाहिला, हेही विचारले पाहिजे. दर्या क्षमाशील असेल. चिरलेले पोलाद नसते.